नाशिकच्या टीपीओ (ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर) सर-मॅडमना खुलं पत्र: अर्जाचा तो ठरलेला फॉरमॅट मुलांना देणं आता थांबवा

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी अंबड एमआयडीसीत एका मशीनिंग वर्कशॉपमध्ये एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही बघते. आमची कंपनी मोठी नाही, गाड्यांचे पार्ट मशीनिंग करून मोठ्या कंपन्यांना देतो, अशी शेकडो वर्कशॉप अंबड-सातपूरला आहेत आणि तुमच्या कॉलेजातली, आयटीआयमधली बरीचशी मुलं शेवटी अशाच ठिकाणी पहिली नोकरी करतात. आमच्याकडे अर्ज कुठूनही येऊ दे, मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, नाहीतर गेटवर वॉचमनकडे पाकिटात, तो आधी माझ्या टेबलावर येतो आणि पुढे प्रॉडक्शनच्या साहेबांकडे कोणता जायचा ते मी बघते. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितेय, मुलांना नाही, कारण मुलं तुमचं ऐकतात आणि तुम्ही जो कागद हातात देता तोच ती भरून पाठवतात.

तो कागद तुम्हालाही तोंडपाठ असेल. "विश्वसनीय सूत्रांकडून असे समजले की आपल्या नामांकित कंपनीत काही जागा रिक्त आहेत." मग "मी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक आणि होतकरू उमेदवार आहे." मग "मला एक संधी दिल्यास मी माझ्या कामाने आपणास पूर्ण समाधान देईन." आणि खाली आपला विश्वासू. इंग्रजी मीडियमच्या मुलांचं हेच सगळं इंग्रजीत असतं, त्यात हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर, क्विक लर्नर हे चार शब्द ठरलेले. ऑपरेटरच्या जागेला तेच पत्र, अकाउंट असिस्टंटला तेच, क्वालिटीला तेच. काही पत्रांमध्ये कंपनीच्या नावाची जागा तशीच रिकामी सोडलेली असते, टिंबटिंब सकट, आणि काहींमध्ये शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीचं नाव असतं. एकदा तर एकाच कॉलेजमधून एकाच मेलला जोडून अख्ख्या वर्गाचे अर्ज आले होते आणि सगळ्यांत तेच वाक्य त्याच ठिकाणी चुकलेलं होतं, म्हणजे चूक मुलांची नव्हती, मूळ कागदातच होती.

मला यातली एकही गोष्ट चिडून लिहायची नाहीये. मला वाईट वाटतं ते या गोष्टीचं की त्या गठ्ठ्यात चांगली मुलं असतात आणि मला ती दिसत नाहीत. सगळेच कष्टाळू आणि सगळेच होतकरू म्हटल्यावर मी निवडू कशावरून? मग शेवटी मार्क बघितले जातात, नाहीतर कोणाची ओळख आहे ते, नाहीतर घर कंपनीपासून किती लांब आहे ते. ज्या मुलाचे मार्क कमी आहेत पण हात चांगला आहे त्याला त्या एका पानातच बोलायची संधी होती, आणि ते पान आपण त्याला दुसऱ्याचे शब्द देऊन भरायला लावलं.

एक उदाहरण सांगते, कारण माझ्या डोक्यात हे पत्र तेव्हापासूनच आहे. आम्हाला मेंटेनन्सला हेल्पर हवा होता. निफाड तालुक्यातला एक मुलगा आला, पत्र तेच फॉरमॅटचं, आयटीआयचे मार्क साधारण, मधे दोन वर्षांचा गॅप. त्या दिवशी दुसरे दोघं आलेच नाहीत म्हणून त्याचा नंबर लागला, नाहीतर त्याला बोलावलं गेलं नसतं हे मी खरं सांगते. आमचे मेंटेनन्सचे काका त्याला विचारत होते, दोन वर्षं काय केलं, तर तो मान खाली घालून म्हणाला घरीच होतो, शेती. काकांनी विचारलं शेतीत काय, तर म्हणे द्राक्षबाग. मग हळूहळू बोलायला लागला. ऑक्टोबरची छाटणी झाली की फवारण्या मागे लागतात, त्या दिवसांत ब्लोअर बंद पडून चालत नाही, पाऊस आला की डाऊनी (बुरशीचा रोग) येते, मेकॅनिक गावात वेळेवर मिळत नाही, म्हणून फवारणीचा एचटीपी पंप तो स्वतः खोलायला शिकला. प्रेशर धरत नसेल तर आधी काय बघायचं, व्हॉल्व्ह की सील, ते त्याने हाताने करून दाखवत सांगितलं. मोटारचा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायचा तेव्हा कॉन्टॅक्टर उघडून पॉइंट कसे जळालेत ते बघितलं, हे सांगितलं. ठिबकच्या फिल्टरचं बॅकवॉश, खत सोडायची व्हेंचुरी, सगळं. काका मला बाहेर येऊन म्हणाले, मॅडम हे अर्जात का नव्हतं?

खरंच का नव्हतं? कारण त्याला सांगितलं गेलं होतं की गॅप लपवायचा आणि शेतीचं लिहायचं नाही, ते नोकरीच्या अर्जात शोभत नाही. त्याच्याकडे जे सगळ्यात दाखवण्यासारखं होतं तेच त्याने झाकून ठेवलं आणि कष्टाळू-होतकरू पुढे केलं. दिंडोरी, निफाड, चांदवड, सिन्नर इथून येणाऱ्या निम्म्या मुलांचं हेच असतं. कोणी पोल्ट्री सांभाळलेली असते, कोणी मामाच्या गॅरेजवर सुट्टीत काम केलेलं असतं, कोणी कांद्याच्या व्यापाऱ्याकडे मार्केटला वजनाच्या पट्ट्या आणि हिशोब लिहिलेले असतात. लासलगावला सीझनमध्ये ज्याने पट्ट्या लिहिल्या त्याला स्टोअरला इनवर्ड-आउटवर्डचं रजिस्टर शिकवायला कितीसा वेळ लागणार, पण अर्जात एक शब्द नसतो.

आता मला हेही कळतं की आपल्या शहरात अर्जाकडे बघायची सवय कुठून आली. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस 1925 ची, नोटांची प्रेस 1928 ची, ओझरला एचएएल, म्हणजे विमानांचा सरकारी कारखाना, 1964 ला आलं, घराघरात कोणी ना कोणी तिथे लागलेलं, आणि आपल्या आईवडिलांच्या डोक्यात नोकरी म्हणजे फॉर्म भरायचा, परीक्षा द्यायची, लिस्टमध्ये नाव बघायचं. ते आजही तसंच आहे, प्रेसला किंवा एचएएलला कितीही सुंदर पत्र लिहा त्याचा उपयोग नाही, तिथे जाहिरात निघते आणि त्यांच्या पद्धतीनेच अर्ज करायचा असतो. पण अंबडच्या वर्कशॉपला फॉर्मच नसतो. इथे पत्र हाच फॉर्म आहे आणि तो मुलाने स्वतः बनवायचा आहे. हा फरक मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून ती पत्रसुद्धा फॉर्मसारखं भरतात. (आणि ठेकेदारामार्फत हेल्पर घेतात तिथे पत्राचा काही संबंध नाही, आधार कार्ड आणि फोन नंबरवर काम होतं, मी बोलतेय ते ट्रेनी, अप्रेंटिस आणि कंपनीच्या रोलवरच्या जागांबद्दल.)

मग पत्रात काय हवं? मी माझ्या बाजूने सांगते. अर्ज उघडल्यावर मला तीन प्रश्नांची उत्तरं पटकन पाहिजे असतात: कोणत्या जागेसाठी आहे, त्या कामातलं याने हाताने काय केलंय, आणि हा कधी आणि कसा येऊ शकतो. बस. छोट्या कंपनीत मालक स्वतः अर्ज वाचतात, तेही जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर, एका हातात डबा असतो. अर्ध्या पानाच्या पुढे कोणी जात नाही. पहिल्या दोन ओळी जर "नामांकित कंपनी"च्या कौतुकात गेल्या तर तिसरी ओळ वाचली जाईलच असं नाही.

सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, जागेसाठी मी एक नमुना लिहून दाखवते, पण कृपा करून याची झेरॉक्स काढून वाटू नका, नाहीतर पुढच्या वर्षी मला हेच पत्र गठ्ठ्याने येईल.

"विषय: सीएनसी ट्रेनी ऑपरेटर या जागेसाठी अर्ज

महोदय,

आपल्या कंपनीची ट्रेनी ऑपरेटरची जाहिरात मी रविवारच्या पेपरात वाचली. मी यावर्षी मशिनिस्ट ट्रेड पास झालो आहे.

आयटीआयमध्ये मी लेथ आणि मिलिंगवर जॉब केले आहेत. सीएनसीवर आम्हाला कमी वेळ मिळाला. त्यात मी जॉब लावणे, टूल ऑफसेट घेणे आणि सर समोर असताना प्रोग्राम चालवणे एवढे केले आहे, स्वतः प्रोग्राम लिहिलेला नाही. व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने माप घेता येते, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचता येतो. सुट्टीत काकांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कटिंग आणि ग्राइंडिंगचे काम केले आहे.

मी पवननगरला राहतो, तिन्ही शिफ्टला येऊ शकतो आणि 1 तारखेपासून जॉइन होऊ शकतो.

आपला विश्वासू"

यात एकही भारी शब्द नाही. पण यातलं मला सगळ्यात आवडेल ते वाक्य म्हणजे "स्वतः प्रोग्राम लिहिलेला नाही". मुलांना वाटतं असं लिहिलं तर पत्ता कट. उलट आहे. ट्रेनीला प्रोग्राम यावा अशी आमची अपेक्षाच नसते, तो आम्ही शिकवतो. ज्याने काय येत नाही ते सरळ लिहिलंय त्याचं काय येतं तेही खरं असणार असं वाटतं. याउलट "सीएनसी-व्हीएमसी प्रोग्रामिंगमध्ये निपुण" लिहिलेला मुलगा समोर बसतो, मशीन लावून देणारा आमचा सेटर त्याला जी झिरो टू आणि जी झिरो थ्री या प्रोग्राममधल्या साध्या कोडमधला फरक विचारतो, आणि मुलगा गप्प होतो. त्या मुलाला लाज वाटते, आम्हालाही बरं वाटत नाही, आणि तो वाईट मुलगा नसतो, त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की अर्जात चढवून लिहावं लागतं.

मायक्रोमीटरचं का लिहायचं तेही सांगते. आम्ही ज्या कंपन्यांना माल देतो त्यांचे ऑडिट असतात, आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) वगैरे, त्यात प्रत्येक ऑपरेटरने ठरलेल्या नगांनंतर माप घेऊन शीटवर लिहायचं असतं. ज्याला 0.01 मिलिमीटरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) वाचता येत नाही तो शीट भरतो खरी पण अंदाजाने भरतो, आणि एक बॅच रिजेक्ट होऊन परत आली की महिन्याची मेहनत जाते. त्यामुळे "माप घेता येतं" हे तीन शब्द आमच्यासाठी "होतकरू"च्या कितीतरी पुढे आहेत. हे मुलाला माहीत असायचं कारण नाही. पण तुम्ही कंपन्यांत जाता-येता, तुम्ही हे विचारून आणून वर्गात सांगू शकता. अकाउंटच्या जागेला टॅलीत नक्की काय काय एंट्री केल्यात, जीएसटीचं रिटर्न भरताना बघितलंय की स्वतः भरलंय, एक्सेलमध्ये पिव्होट येतं का, हे. वेल्डरला मिग की टिग की आर्क, आणि किती जाडीच्या पत्र्यावर. डिप्लोमाच्या मुलांनी इनप्लांट ट्रेनिंग कुठे केलं एवढंच लिहू नये, तिथे कोणत्या मशीनपाशी उभं होतो आणि काय करू दिलं ते लिहावं, भले ते नुसतं इन्स्पेक्शनला मदत असेल.

फिटरच्या मुलांना तर मी म्हणेन वर्षभर प्रॅक्टिकलला जे जॉब घासले, स्क्वेअर फिटिंग, व्ही फिटिंग, डोव्हटेल, त्यातला एक जॉब चांगला जमला असेल तर त्याबद्दल दोन ओळी लिहा, किती मायक्रोनपर्यंत आलं, कुठे अडलं. असं पत्र आलं तर ते मी स्वतः उठून साहेबांकडे नेईन.

भाषेचा प्रश्न येतोच. मराठीत लिहायचं की इंग्रजीत? माझं मत असं की जाहिरात ज्या भाषेत आहे त्या भाषेत लिहा, आणि शॉप फ्लोअरच्या कामासाठी मराठी पत्राने कोणाचंही नुकसान होत नाही, निदान आपल्या भागातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांत तरी. मालक मराठी, सुपरवायझर मराठी, मग मुलाने न येणाऱ्या इंग्रजीत तडफडायचं कशाला. एक्सपोर्टचं डॉक्युमेंटेशन, डिझाइन, कस्टमरशी मेलवर बोलायचं काम असेल तर इंग्रजीच हवं, कारण तिथे ते पत्र हीच परीक्षा आहे. आणि आता दोन वर्षांपासून एक नवीन सुरू झालंय, चॅटजीपीटीची पत्रं. इंग्रजी एकदम गुळगुळीत, एक चूक नाही, "मी आपल्या संस्थेच्या नावीन्यपूर्ण संस्कृतीने प्रेरित झालो" छापाची वाक्यं. आमच्या वर्कशॉपला कुठली हो नावीन्यपूर्ण संस्कृती, आमच्याकडे बारा मशीन आहेत आणि चांगली माणसं आहेत. मुलांनी ते वापरू नये असं मी म्हणत नाही, स्पेलिंग तपासायला, वाक्य सरळ करायला जरूर वापरा, पण आधी काय केलंय ते स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा आणि मग त्याच चार ओळी नीट करून घ्या. मुलाने काय केलंय हे चॅटजीपीटीला कसं माहीत असणार? तो जुना फॉरमॅटच परत देतो, फक्त इस्त्री करून.

काही बारीक गोष्टी आहेत, पटापट सांगते कारण यामुळे खरंच चांगले अर्ज वाया जातात. मेलला विषयाची जागा रिकामी ठेवू नका, तिथे पद आणि स्वतःचं नाव लिहा. फाइलला स्वतःचं नाव द्या, "रिझ्युमे फायनल न्यू" नावाच्या फायली माझ्या कॉम्प्युटरमध्ये इतक्या आहेत की कोणती कोणाची ते उघडल्याशिवाय कळत नाही. पीडीएफ पाठवा, कागदाचा तिरका फोटो काढून नको, त्यात अर्धा फोन नंबर सावलीत जातो. नंबर चालू असलेला द्या, रिचार्ज संपून नंबर बंद झालेली मुलं आम्ही शोधत बसतो, म्हणून घरातला दुसरा एक नंबर द्या आणि घरच्यांना सांगून ठेवा. अनोळखी नंबर उचला. गेटवर पाकीट देणार असाल तर पाकिटावर बाहेर पद आणि तारीख लिहा, वॉचमनकडे दहा पाकिटं जमतात आणि आठवड्याने एकदम आत येतात. आठवडाभर काही कळलं नाही तर एक मेसेज किंवा फोन करायला हरकत नाही, त्याने कोणी रागावत नाही, मला तर बरं वाटतं.

लग्नाच्या बायोडेटासारखं जात, धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय, भाऊ-बहिणी, हे सगळं काढून टाकायला सांगा. विशेषतः मुलींना सांगा की लग्न झालंय की नाही हे अर्जात लिहायची काही गरज नाही, आणि कोणी विचारलं म्हणून लाजून जास्तीचं सांगायचीही नाही. आणि एक कळकळीने सांगते, पहिल्या अर्जासोबत आधार, पॅन, पासबुकची झेरॉक्स जोडू नका. सिलेक्शन झाल्यावर कंपनी मागेल तेव्हा द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर "अर्जंट रिक्वायरमेंट" म्हणून फिरणाऱ्या कुठल्याही नंबरवर मुलं सगळी कागदपत्रं पाठवतात, मग तिकडून युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे, मेडिकलचे म्हणून पैसे मागतात. नोकरी द्यायला जो आधी पैसे मागतो त्याला पैसे द्यायचे नाहीत, हे वर्गात एकदा नाही, दर वर्षी सांगायला हवं.

अप्रेंटिसचंही सांगायला हवं कारण फ्रेशर मुलं "अनुभव पाहिजे" वाचूनच मागे फिरतात. अप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे, आणि आता 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या 2.5 ते 15 टक्के. म्हणजे जागा असतात. मुलाने अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी आणि शिवाय कंपनीला दोन ओळींचं पत्रही लिहावं की मी अमुक ट्रेडचा, अप्रेंटिस म्हणून यायला तयार आहे, नोंदणी झालेली आहे. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 ला आली, त्यात बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000 आणि पदवीला 10000 रुपये महिना असं विद्यावेतन ठरलं होतं, त्यातून काम केलेली मुलं नंतर अर्ज करतात तेव्हा फक्त योजनेचं नाव लिहितात. अहो, तिथे ऑफिसमध्ये किंवा कंपनीत इतके महिने काय केलं ते लिहा ना, तो तुमचा अनुभवच आहे.

कंपन्यांचाही दोष आहे, तो मी झाकणार नाही. आमच्याकडच्या जाहिराती बघितल्या तर "ऑपरेटर पाहिजेत, पगार योग्यतेनुसार, त्वरित संपर्क" एवढंच. कुठलं मशीन, कुठली शिफ्ट, बस येते का, काही नाही. मग मुलाने त्या जागेसाठी वेगळं पत्र लिहायचं तरी कशावरून? मी आमच्या साहेबांशी बोलून आमच्या जाहिरातीत मशीन, कंट्रोलर, शिफ्टच्या वेळा आणि पगाराचा आकडा कुठून कुठपर्यंत हे लिहायला लावलं, आणि तेव्हापासून अर्ज कमी येतात पण कामाचे येतात. बाकीच्या एचआरवाल्यांनी हे वाचलं तर त्यांनाही माझी हीच विनंती आहे.

पण मूळ मागणी तुमच्याकडेच आहे सर. मला माहितीये तुमच्यावर काय काय असतं, शिकवणं, प्रॅक्टिकल, परीक्षेची कामं, वरून प्लेसमेंटचे आकडे द्यायचे, त्यात कंपन्या फोन उचलत नाहीत. तरीही एवढं करा. फॉरमॅटचा कागद वाटणं बंद करा. त्याऐवजी शेवटच्या वर्षाला दोन तास काढा. पहिल्या तासात प्रत्येकाने एका कोऱ्या कागदावर फक्त हाताने केलेल्या कामांची यादी लिहायची, वर्कशॉपमधली, घरची, शेतातली, दुकानातली, गणपती मंडळाचा हिशोब ठेवला असेल तर तोसुद्धा. लाजायचं नाही आणि वाढवायचं नाही. दुसऱ्या तासात खरी जाहिरात द्यायची, पेपरमधली किंवा एखाद्या कंपनीकडून आणलेली, आणि त्या यादीतलं या कामाला लागणारं उचलून अर्धं पान लिहायचं. मग तुम्ही ते वाचा, आणि जिथे "कष्टाळू" दिसेल तिथे लाल पेनाने विचारा, कशावरून? मुलगा जे उत्तर देईल ते वाक्य त्या शब्दाच्या जागी लिहायला सांगा. दहावीला मराठीच्या पेपरात मागणीपत्र, विनंतीपत्र सगळ्यांनी लिहिलेलंच असतं, मायना, विषय, सही कुठे करायची हे त्यांना येतं. आत काय भरायचं तेवढंच शिकवायचं राहिलंय.

आणि अख्ख्या वर्गाचे अर्ज एका मेलला जोडून पाठवण्यापेक्षा पाच पाठवा, पण असे पाच जे तुम्ही वाचलेत आणि ज्या मुलांना ती जागा खरंच हवी आहे. त्या मेलमध्ये प्रत्येक मुलाबद्दल तुमची स्वतःची एक ओळ लिहा, "हा मुलगा बोलत कमी पण मशीन स्वच्छ ठेवतो" अशी. त्या एका ओळीला आमच्याकडे किती वजन आहे याची तुम्हाला कल्पना नसेल. तुम्ही त्याला दोन-तीन वर्षं बघितलंय, मी त्याला वीस मिनिटं बघणार.

तो निफाडचा मुलगा आमच्याकडे आहे. मागच्या महिन्यात कूलंट पंप गेला होता, रात्रपाळीला त्यानेच खोलून बसवला. काका आता त्याला हायड्रॉलिक शिकवतायत.

ज्या कॉलेजला, आयटीआयला वाटेल की बाहेरच्या कोणी येऊन मुलांशी यावर बोलावं, तिथे मी आमच्या सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहे, मानधन वगैरे काही नको. आमच्या ओळखीतले दोन-तीन सुपरवायझर आणि एक अकाउंटवाल्या ताई पण यायला हो म्हणाल्यात. येताना खऱ्या जाहिराती आणू, मुलांनी लिहिलेलं तिथेच बसून वाचू आणि आम्ही बोलावलं असतं की नाही, आणि का, ते प्रत्येकाला तोंडावर सांगू. जुलै-ऑगस्टला, कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू व्हायच्या आधी, केलं तर मुलांच्या उपयोगाला येईल. तारीख तुम्ही ठरवा.

आपली,
अंबड एमआयडीसीतून, अर्ज वाचणारी एक